चढावर तापलेलं चाक

तुमच्या प्रश्नातल्या सगळ्यात कामाच्या दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहून टाकल्या आहेत. वाचणाऱ्यांना प्रकरण कळावं म्हणून आधी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो.

आठ वर्षांची पिकअप, पुढे डिस्क, मागे ड्रम. इंदूरच्या चोइथराम मंडीतून माल भरून खंडव्याला जाता आणि बहुतेक वेळा रिकामे परत येता. दोन महिन्यांपूर्वी पुढचे पॅड नवे टाकले. ब्रेक लाइट लागत नव्हता, म्हणून त्याचा स्विचही त्याच दिवशी बदलला. त्यानंतर गाडी जड चालायला लागली, डिझेल जास्त जाऊ लागलं, पुढून जळका वास यायला लागला. एका मिस्त्रीनं दोन्ही कॅलिपरांत, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागांत, रबरांचं किट टाकलं. दुसऱ्यानं पुढची बेअरिंगं बदलली. तिसरा आता मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकच्या तेलाला दाब देणारा भाग, बदला म्हणतो. परवा परत येताना तुम्ही सिमरोलला चहाला थांबलात तर पुढच्या दोन्ही रिमांना हात लावता येत नव्हता, डावी जास्त तापली होती, आणि पेडल वरच्या वरच दगडासारखं लागत होतं.

ब्रेक लाइटचा स्विच आणि सिमरोल, या त्या दोन गोष्टी. स्विचकडे नंतर येतो, आधी सिमरोल.

खंडव्याहून येताना सिमरोल लागतं ते भेरूघाट चढून झाल्यावर. बडवाह सोडलं की रस्ता नर्मदेचा काठ सोडून वर येतो आणि घाटात तर सरळ चढच आहे. गाडी रिकामी, वाट चढाची. या वाटेवर ब्रेकला काम किती? जवळजवळ नाहीच. उलट दिशेनं, माल भरून घाट उतरताना चाकं तापली असती तर मी एवढा सावध झालो नसतो. तीन टन वजनाची गाडी फक्त १०० मीटर खाली उतरली तरी सुमारे २९ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. माठातलं नऊ लिटर पाणी खळखळ उकळेल इतकी ही उष्णता. गिअरात ठेवलेलं इंजिन थोडी खातं, बाकीची ब्रेकच्या डोक्यावर, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या चाकांचा, कारण ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं. म्हणून उतारावर तापलेल्या चाकावरून काहीच सिद्ध होत नाही. चढावर तापलेलं चाक मात्र खोटं बोलत नाही. तुमचा ब्रेक पाय काढल्यावरही लागून राहतो, हे त्या चहाच्या टपरीवरच ठरलं.

तो किती लागून राहिला असेल? फार नाही. चाकाला जेमतेम दहा किलोची ओढ कायम राहिली आणि गाडी ताशी ६० किलोमीटरनं चालली, तर त्या ओढीतून दीड किलोवॉटहून जास्त उष्णता निघते. बादलीत पाणी तापवायला आपण जो रॉड टाकतो, तसा एक रॉड चाकात घालून तुम्ही बडवाहपासून आलात असं समजा. गाडी चालवताना दहा किलोची ओढ पायाला कळत नाही. डिझेलच्या खर्चात कळते, आणि रिमेवर.

मी इंदुरात तीस वर्षं ब्रेकचंच काम करतोय. या दुखण्यात लोकांचे सगळ्यात जास्त पैसे एकाच कारणानं वाया जाताना पाहिले आहेत: गाडी थंड झाल्यावर वर्कशॉपला येते. रात्रभर उभी राहिली की दाब उतरतो, रबर आकसतं, चाक सुटतं. सकाळी मिस्त्री चाक फिरवतो, ते फिरतं. मग तो अंदाजानं काहीतरी बदलतो. तुमचं किट आणि तुमची बेअरिंगं अशीच बदलली गेली असणार. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की पुढची तपासणी चाक तापलेलं असताना, ब्रेक लागलेला असतानाच करायची. थंड गाडीत पुरावा शिल्लक राहत नाही.

आता ब्रेक सुटतो कसा ते नीट समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं आहे. ड्रमात आतून घासणारे शू मागे ओढायला चांगल्या जाड स्प्रिंगा असतात. डिस्कच्या कॅलिपरात बहुतेक वेळा अशी काही सोय नसते. पिस्टनभोवती एक चौकोनी कडेची रबराची सील असते. पेडल दाबलं की पिस्टन पुढे सरकतो आणि त्याला धरून बसलेली ही सील जरा पिळली जाते. पेडल सोडलं की सील पुन्हा सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे घेऊन येते. सुटका आहे ती एवढीच, केसभर. ती व्हायला दोन गोष्टी लागतात. तेलाला परत वर मास्टर सिलिंडरवरच्या तेलाच्या डबीत जायला वाट मोकळी हवी, आणि पिस्टन, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना, पॅड हे सगळे आपापल्या जागी सरकते हवेत. ब्रेक धरून राहण्याची जवळपास सगळी कारणं या दोहोंपैकी एकात बसतात. तेल अडलंय की लोखंड अडलंय, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर कॅलिपरवरचं निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा पोकळ बोल्ट, देतं, पाव चक्कर सैल करून.

तर असं करा. सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर चालवा. मुद्दाम ब्रेक मारू नका, पण वाटेत चार-पाच वेळा साधा ब्रेक लागू द्या. वास यायला लागला किंवा पेडल कडक झालं की वर्कशॉपला किंवा पक्क्या जमिनीवर आणा. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावा, जॅकनं पुढचं उचला आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका, हे मी कितीही घाईत असलेल्या माणसाला सांगतो. डिस्कला हात लावायचा नाही. टेम्परेचर गन असेल तर उत्तम, पण ती चकचकीत डिस्कवर धरली तर आकडा कमी दाखवते. हबच्या मळकट भागावर, दोन्ही बाजूंना त्याच जागी धरा आणि आकडे लिहून ठेवा. डावा-उजवा फरक आपल्याला हवा असतो, नुसत्या एका आकड्याला अर्थ नाही. तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र ओतू नका. बीड एकदम थंड पडलं की वाकतं, तडकतं.

चाक हातानं फिरवा. डिस्कच्या चाकात पॅडचा थोडा सुर्र आवाज असतोच, त्याला घाबरायचं नाही. पण एका हातानं चाक सहज फिरायला पाहिजे. दोन्ही हात लावून, दात-ओठ खाऊन फिरत असेल तर ब्रेक लागलेला आहे. आता डोळ्यांवर चष्मा घाला, निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडा आणि रिंग पान्यानं निपल पाव चक्कर सैल करा. जुनं निपल गंजलेलं असलं तर आधी तेल मारून थांबा, तुटलं तर कॅलिपरच काढावा लागेल. तेल तापलेलं असतं आणि रंगावर पडलं तर रंग खातं, म्हणून नळी हवीच.

तेल पिचकारीसारखं आलं आणि चाक लगेच सुटलं, तर दाब अडकलेला होता. अशा वेळी कॅलिपरला दोष देण्यात अर्थ नाही, दुखणं त्याच्या वर आहे. तेल नुसतं ओघळलं आणि चाक तसंच जाम राहिलं, तर दाब नव्हताच. लोखंड अडलंय, आणि ते त्याच चाकात आहे.

तुमच्या पेडलच्या वर्णनावरून मला दाब अडकल्याचा संशय जास्त आहे. तेल तापलं की फुगतं. वर जायची वाट मोकळी असेल तर फुगलेलं तेल डबीत जातं आणि तुम्हाला काही कळत नाही. वाट बंद असेल तर तेच तेल पिस्टनला ढकलतं, ब्रेक आणखी लागतो, चाक आणखी तापतं, तेल आणखी फुगतं. म्हणून पेडल वरच्या वर कडक होत जातं. दोन्ही चाकं तापणं हेही याला धरूनच आहे. दोन्ही पुढच्या चाकांच्या पिना एकाच आठवड्यात जाम व्हाव्यात हा योग क्वचित येतो. मागची चाकंही गननं मोजा, पण तिथे काही दिसलं नाही म्हणून वरचा भाग निर्दोष समजू नका. ड्रमातल्या स्प्रिंगा थोडासा दाब पचवतात, त्यामुळे अशा दुखण्यात पुढची चाकं आधी बोलतात आणि मागची उशिरा.

आता तो स्विच. पेडलच्या मागे, पायांच्या वरच्या अंधारात, ब्रेक लाइटचा स्विच एका पट्टीवर आटे देऊन बसवलेला असतो. पेडल सुटलं की ते त्या स्विचला टेकतं. नवा स्विच बसवताना तो चार आटे जास्त आत गेला, तर पेडल पूर्ण मागे येऊच शकत नाही. चार-पाच मिलिमीटर दाबलेलंच राहतं. मास्टर सिलिंडरच्या आत डबीकडे जाणारं एक बारीक भोक असतं. पेडल पूर्ण सुटलं तरच ते उघडतं. पिस्टन एक-दोन मिलिमीटर पुढे राहिला तरी ते झाकलं जातं, आणि मग वर सांगितलेलं सगळं चक्र सुरू होतं. लोक म्हणतात, स्विच जास्त आत असेल तर ब्रेक लाइट जळत राहील की! उलट आहे. पेडल स्विचला दाबूनच बसलेलं असतं, त्यामुळे लाइट व्यवस्थित बंद राहतो आणि कुणाला शंका येत नाही. तुम्ही आधी हेच बघा. बॅटरीच्या उजेडात वाकून बघायचं, लॉकनट सैल करून स्विच दोन-तीन आटे मागे घ्यायचा, पेडल हातानं वर ओढून आणखी वर येतं का ते बघायचं. नंतर लाइट पेडलबरोबर लागतो-विझतो ना ते तपासायचं. याला एक रुपया लागत नाही. मास्टर सिलिंडर बदला म्हणण्याआधी तर हे व्हायलाच पाहिजे होतं.

स्विच ठीक निघाला तर पुढची परीक्षा मास्टर सिलिंडरची. ब्रेक लागलेला असताना मास्टर सिलिंडर ज्या दोन नटांनी बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) बसवलेला असतो ते नट सैल करा आणि सिलिंडर तीन-चार मिलिमीटर पुढे येऊ द्या, पाइप न वाकवता. चाक सुटलं तर सिलिंडर चांगला आहे, मागून त्याला कुणीतरी ढकलतंय: बूस्टरची दांडी लांब आहे किंवा पेडल परत येत नाही. कधी काळी बूस्टर बदलला असेल तर दांडीवर शंका घ्याच. दिसायला सारख्या दोन बूस्टरांच्या दांड्यांत एखाद-दोन मिलिमीटरचा फरक असू शकतो, आणि तेवढ्यानं गाडी अडते. सैल करूनही चाक सुटलं नाही, पण सिलिंडरला लागलेल्या पुढच्या चाकांच्या पाइपचा नट जरासा सैल केल्यावर सुटलं, तर भोक आतून बंद आहे. मगच तिसऱ्या मिस्त्रीचं म्हणणं खरं.

बूस्टर स्वतः अडकण्याचा प्रकार वेगळा ओळखू येतो. डिझेल इंजिनाला बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप असतो. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबलं की साठलेला व्हॅक्यूम संपतो. एवढ्यानं चाकं मोकळी झाली आणि इंजिन सुरू केल्यावर पुन्हा धरली, तर बूस्टरचा आतला व्हॉल्व्ह चिकटतोय.

आणि तेल. डबीचं झाकण उघडा आणि त्यातलं रबर बघा. ते फुगून, लाटा पडून, परत जागेवर बसत नसेल तर कुणीतरी ब्रेक ऑइलच्या जागी स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं तेल टाकलं आहे. ब्रेक ऑइलच्या रबराला खनिज तेल चालत नाही, ते रबर फुगवतं. सील फुगली की भोक झाकतं, पिस्टन अडतो, आणि हे सगळ्या चाकांत होतं. खात्री करायची असेल तर काचेच्या ग्लासात थोडं पाणी घ्या आणि त्यात डबीतलं थोडं तेल टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, खनिज तेल वर तवंग धरतं. तवंग दिसला तर मग काटकसर करण्यात अर्थ नाही: मास्टर, कॅलिपर, मागचे व्हील सिलिंडर यांची सगळी रबरं आणि सगळे रबरी पाइप बदलायचे, लोखंडी पाइप धुऊन काढायचे. अर्धं काम केलं तर नवी रबरंही महिन्याभरात फुगतात.

तवंग नसला तरी आठ वर्षांचं तेल असेल तर ते बदलाच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ प्रतीचं नवं तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरल्यावर हीच हद्द १४० वर येते. डॉट ४ ची हद्द २३० आणि १५५. कुठलं टाकायचं ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. तुमची चाकं तापताहेत, म्हणजे हे तेल त्या हद्दीजवळ जातंय. ते उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि आज दगडासारखं लागणारं पेडल एका क्षणात तळाला जातं. हे भेरूघाटात माल भरून उतरताना झालं तर काय होईल ते मी लिहीत नाही. तपासणी होईपर्यंत माल भरून घाट उतरू नका, हे कळवळून सांगतो.

दोन्ही चाकांचं एक कारण सापडलं तरी डावं जास्त का, हा प्रश्न उरतोच. इथे माझी नजर कॅलिपरपर्यंत तेल नेणाऱ्या रबरी पाइपवर जाते.

हा पाइप बाहेरून चांगला दिसतो आणि आतून कुजलेला असतो. आतलं अस्तर सुटून त्याची एक जीभ तयार होते. पेडल दाबताना तेल जोरात येतं, जीभ बाजूला होते. सोडताना कॅलिपरच्या सीलची ताकद केसभर, ती जीभ उघडू शकत नाही. तेल आत कोंडतं आणि दहा-पंधरा मिनिटांनी झिरपून जातं. म्हणून गाडी उभी राहिली की चाक सुटतं आणि कुणाला काही सापडत नाही. धंद्यात पडलो त्या सुरुवातीच्या वर्षांत एका गाडीचे दोन्ही कॅलिपर मी नवे टाकले होते, मालकानं कर्ज काढून पैसे दिले होते, आणि आठवड्यानं गाडी तशीच परत आली. पाइप होता. त्या माणसाचे पैसे मी परत दिले, पण त्याची मंडीतली आठ दिवसांची मजुरी बुडाली ती बुडालीच. तेव्हापासून निपल सैल केल्याशिवाय मी एकही पार्ट सुचवत नाही.

पाइप असा का होतो? वयानं होतो, आणि आमच्या हातानंही होतो. कॅलिपर काढून तो पाइपवर लोंबकळत ठेवणं, किट टाकताना तेल गळू नये म्हणून पाइप पकडीत आवळणं, ही दोन्ही कामं मी कितीतरी ठिकाणी पाहिली आहेत. वरून डाग दिसत नाही, आतलं अस्तर फाटतं. तुमच्या गाडीत पॅड आणि किट, निदान दोन वेळा कॅलिपर सुटले आहेत. पाइपची परीक्षा अशी: ब्रेक लागलेला असताना पाइपच्या वरच्या टोकाला, जिथे तो लोखंडी पाइपला जोडतो, तो नट सैल करा. चाक सुटलं नाही, आणि मग खाली निपल सैल केल्यावर सुटलं, तर अडथळा दोहोंच्या मधे आहे, म्हणजे पाइपात. एक पाइप खराब निघाला तर दोन्ही बदला, त्यांचं वय एकच आहे. या परीक्षेत हवा आत जाते, त्यामुळे शेवटी हवा काढण्याचं काम नीट करून घ्या. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत मधे त्याचे व्हॉल्व्हही येतात, तिथे हे काम जाणत्या हाताकडेच द्या.

आता निपल सैल करूनही चाक जाम राहिलं तर. कॅलिपर काढा, तारेनं चेसिसला टांगा आणि जुने-नवे जे पॅड आहेत ते समोर ठेवून निरखा. आतला पॅड जास्त झिजला असेल तर पिस्टन मागे जात नाही. बाहेरचा जास्त झिजला असेल तर कॅलिपर पिनांवर सरकत नाही. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, तिरका झिजला असेल तर दोनांतली एक पिन अडली आहे. पिना बाहेर काढून पुसा, बोटांनी फिरवून, सरकवून बघा. त्यांना साधं बेअरिंगचं ग्रीस कधी लावू नका, त्यानं रबरी बूट फुगतात आणि पिन आणखी जाम होते. ब्रेकच्या पिनांसाठी सिलिकोनचं ग्रीस मिळतं, तेच लावायचं. एखाद्या कॅलिपरात दोनांपैकी एका पिनेवर रबराची बाही असते. ती वर असते की खाली हे काढतानाच बघून ठेवा, अदलाबदल झाली तर पुन्हा हेच दुखणं.

नवे पॅड टाकल्यावर ब्रेक धरायला लागला, या तुमच्या तक्रारीमागे आणखी एक कारण असू शकतं. जुना पॅड अगदी पातळ होईपर्यंत चालवला की पिस्टन खूप बाहेर आलेला असतो. पिस्टनला धुळीपासून वाचवणारा रबरी बूट फाटला असेल तर त्या बाहेर आलेल्या भागावर पावसाळ्यात गंज चढतो. जाड नवा पॅड बसवायला मिस्त्री पिस्टन दाबून आत घालतो, आणि तो गंजका भाग थेट सीलमध्ये जातो. आता सील पिस्टनला केसभरही मागे ओढू शकत नाही. किट म्हणजे नवी सील आणि नवा बूट. पिस्टन तोच गंजका राहिला तर किटचा उपयोग नाही. निपल उघडून क्लॅम्पनं पिस्टन मागे ढकलून बघा. एकसारख्या दाबानं, न अडखळता गेला पाहिजे. गंजाचे खड्डे दिसले तर पिस्टन बदला. पॉलिश पेपर मारून चकाकी येते, पण वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तोच गंज दुप्पट येतो.

पॅडचे कान, म्हणजे दोन्ही टोकांची पुढे आलेली बोंडं, ब्रॅकेटच्या खाचेत नुसत्या बोटानं सरकायला हवेत, तेही बघून घ्या. हलक्या प्रतीच्या पॅडची पत्र्याची पाठ कधी कधी जरा मोठी असते, किंवा क्लिपांखाली गंज साठून खाच अरुंद होते. हातोडीनं ठोकून बसवलेला पॅड मागे कसा येणार?

बेअरिंगांबद्दल थोडंच सांगायचं आहे, कारण ती तुम्ही बदलली आहेत. कॅलिपर टांगलेला असताना नुसतं हब फिरवा. आता ते हलकं फिरलं तर बेअरिंग निर्दोष. जड फिरलं तर बसवताना नट जास्त आवळला आहे. हबचा मध्य डिस्कपेक्षा जास्त तापत असेल तरी हाच संशय. पण वितळून वाहिलेलं ग्रीस पाहून बेअरिंगला दोषी धरू नका. ब्रेकच्या उष्णतेनंही ग्रीस वाहतं. तुमच्या दुसऱ्या मिस्त्रीची गफलत इथे झाली असावी. ते ग्रीस मात्र एकदा इतकं तापल्यावर बदलूनच टाका.

एक शक्यता अशीही आहे की ज्यात काहीच अडत नाही आणि तरी पुढची चाकं तापतात: मागचे ब्रेक कामच करत नाहीत. तुमच्या चढावरच्या पुराव्यानं ती तुमच्या बाबतीत मागे पडते, तरी मालवाहू पिकअप चालवणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितो. मागच्या अॅक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी अॅक्सलला जोडलेली असते. मालानं गाडी दबली की दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. आपल्याकडे जास्त माल घालता यावा म्हणून मागे स्प्रिंगचे एक-दोन पाटे वाढवतात. मग माल भरूनही गाडी दबत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते, आणि सगळा ब्रेक पुढच्या दोन चाकांनी मारायचा. पाटे वाढवले असतील तर या व्हॉल्व्हची दांडी पुन्हा लावून घ्या. मागच्या शूची सेटिंग आणि तेल गळून लायनिंग भिजलं नाही ना, हेही त्याच वेळी.

वाटेतच चाकानं धूर काढला तर काय करायचं, हेही तुम्ही विचारलं आहे. सपाट जागी रस्त्याच्या कडेला घ्या, गुटके लावा, अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या. मालकाचा कितीही फोन आला तरी. त्यानंतरही चाक जाम असेल तर निपल क्षणभर उघडून दाब काढता येतो, लगेच बंद करायचं, पेडल दोनदा दाबून ते टिकतं का बघायचं आणि डबीतलं तेल बघायचं. हा उपाय फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश, रिकाम्या गाडीनं जाण्यापुरता आहे. पुढे उतार असेल तर गाडी हलवू नका, टोचन (ओढून नेणारी गाडी) बोलवा.

तुम्ही करायचं ते या क्रमानं. आज स्विच मागे घ्या आणि बायपासवर राऊपर्यंत रिकामी फेरी मारून रिमा बघा. दोन्ही बाजू सारख्या आणि कोमट आल्या तर दुखणं सापडलं, नुसतं तेल बदला. दोन्ही आधीसारख्याच तापल्या तर मास्टरच्या दोन नटांची परीक्षा. उजवी शांत झाली आणि डावी अजून तापते असं दिसलं, तर डाव्या चाकाचं निपल आणि मग पाइप. त्या तिसऱ्या मिस्त्रीला ही परीक्षा तुमच्या डोळ्यांदेखत करायला सांगा. जाणता असेल तर रागावणार नाही.

डावा पाइप बदलावा लागला तर जुना फेकू देऊ नका. ब्लेडनं लांबीत उभा कापून आतलं अस्तर बघा, आणि त्याचा फोटो मला पाठवा.